लहरींची गर्दी – ९ : अमेरिकेहून आलेलं बटण

अकोल्याहून, जठारपेठेतून एक पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना. अमेरिकेतल्या मुलाने आईसाठी गळ्यात घालायचं मदतीचं बटण पाठवलंय. दाबलं की बैठकीतला संच ठणाणा करतो. सकाळी हमखास. संध्याकाळी आई अंगणात बसली की कधी वाजतो, कधी नाही. सेल नवे आहेत.

पहिला संशय कूलरवर. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की वऱ्हाडात खिडकीखिडकीत पत्र्याचा कूलर बसतो, आणि पत्रा रेडिओलहरी परतवून लावतो. अंगण आणि संच यांच्या मधोमध तोच होता. संच हलवायला सांगितलं. थोडा फरक पडला, तक्रार मात्र संपली नाही. मग बटणामागचा एफसीसी, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचा, क्रमांक मागवला. त्यावरून उपकरण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतं ते कुणालाही शोधता येतं. हे निघालं ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपासचं, आणि खरं दुखणं इथेच होतं.

अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा लहान उपकरणांना मोकळा आहे. आपल्याकडे ८९० ते ९१५ मध्ये मोबाइल फोन टॉवरकडे बोलतात. बटणाची ताकद मोजक्या मिलिवॉटची, तर टूजी फोन जोर लावला की २ वॉटपर्यंत जातो. संध्याकाळी संचाशेजारी दोघं-तिघं फोनवर बोलत असतील, तर अंगणातल्या बटणाचा क्षीण संदेश त्यात बुडणारच. युरोपातलं बटण आणलं असतं तरी सुटका नव्हती. तिथे अशा गजरांसाठी राखलेला ८६९.२० ते ८६९.२५ चा तुकडा आपल्याकडे मोबाइल टॉवरच्या प्रक्षेपणाच्या पट्ट्यात येतो.

याचा उलटा त्रासही आहे, आणि तो मला अधिक छळतो. अमेरिकेतले डेक्ट ६.० कॉर्डलेस फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात. भारतात थ्रीजी फोन टॉवरकडे बोलायचे तो पट्टा १९२० पासूनच सुरू होतो. प्रेमाने पाठवलेली अशी एक वस्तू जवळच्या टॉवरला बहिरं करू शकते, आणि गल्लीतल्या कुणाचा तरी १०८ ला लावलेला फोन लागत नाही.

म्हणून बटण घ्यायचंच तर इथे विनापरवाना चालणारं घ्या. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ २००५ पासून मोकळे आहेत, २०२१ मध्ये ती हद्द ८६८ पर्यंत वाढली. घरातल्या घरात वापरायला ४३३ चं, १० मिलिवॉटपर्यंतचं चालतं. संच राउटर आणि इन्व्हर्टरपासून लांब ठेवा. आणि चाचणी उभ्याने घेऊ नका. शरीरातलं पाणी लहरी शोषून घेतं, पडलेलं माणूस नेमकं बटणावरच पडू शकतं. घरातल्या एखाद्या तरुणाने न्हाणीघराच्या फरशीवर पालथं व्हावं, बटण छातीखाली घ्यावं आणि दाबावं. कूलर, मिक्सर, मोटर सगळं चालू असताना, दार लावून.