शंभर रुपये गावात किती फिरतात?

कोल्हापुरी चप्पल थेट कारागिराकडून घेतली, तर आपले पैसे त्याच्या हातात थांबत नाहीत. त्यातले काही कातडं कमावणाऱ्याकडे जातात, काही बाभळीची साल आणि हिरडा पुरवणाऱ्याकडे, काही वेण्या वळून देणाऱ्या बायकांकडे आणि उरलेले कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे. अर्थशास्त्रात या फिरण्याच्या परिणामाला ‘गुणक’ म्हणतात. रिचर्ड कान यांनी १९३१ मध्ये तो मांडला आणि केन्स यांनी पुढे तो आपल्या सिद्धांताचा कणा केला.

समजा, प्रत्येक हातातले ६० टक्के गावातच खर्च झाले. आधी १००, मग ६०, मग ३६, मग साधारण २२... ही बेरीज २५० पर्यंत जाते. २० टक्केच गावात राहिले, तर ती १२५ वर अडते.

पण दुकान गावातलं म्हणजे माल गावातला, असं नव्हे, आणि खरी मेख इथेच आहे. म्हणून चप्पल कुठं शिवली, हे बेधडक विचारावं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे नाव ठरावीक भागाशी जोडणारी ओळख, मिळालं. त्या भागात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात.

आणखी एक कळकळीचं सांगणं: कारागिराची उधारी थकवू नका. त्याचं भांडवल तुटपुंजं असतं. ते अडकलं की पुढचं कातडं येत नाही आणि पैशाचं फिरणं पहिल्याच हातात थांबतं.