रापी शिकवा, जात शिकवू नका!

गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावी गेलो होतो. निमित्त होते एका वर्गाचे. समाजमंदिराच्या फरशीवर पोती अंथरलेली, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली चौदा-पंधरा मुले-मुली मांडी घालून बसलेली. समोर सत्तरीकडे झुकलेले तात्या. त्यांच्यापुढे रापी, आरी, हातोडी, ऐरण आणि पाण्याची कुंडी. कोल्हापुरी पायताण कसे करतात ते तात्या शिकवत होते. तोंडाने कमी आणि हाताने जास्त.

आधी साच्यावरून तळ कापायचा. मग कान, पट्टा, अंगठा. वेणी शिकवायला शेजारच्या मावशी आल्या होत्या, कारण हे काम घरोघरी बायाच करतात. नाव मात्र पुरुषाचे होते. आरीने भोक पाडायचे आणि त्यातून चामड्याचीच वादी ओवून टाका घट्ट करायचा. अस्सल पायताणात खिळा कुठेच नसतो. रापीवर किती जोर द्यायचा हे सांगून कळत नाही. तात्या पोराच्या हातावर आपला हात ठेवतात, तेव्हा ते कळते. एका पोराची वादी तीनदा तुटली. तात्या रागावले नाहीत. म्हणाले, "तुटू दे. माझी तर वर्षभर तुटत होती."

हे सगळे पाहून आमचे मन भरून आले होते. तेवढ्यात दाराशी उभी असलेली एक माउली आम्हाला म्हणाली, "साहेब, ह्यातनं बाहेर पडायला आमची हयात गेली. आन् आता परत पोराच्या हातात रापी देताय व्हय?"

तात्या गप्प झाले. आम्हीही गप्प झालो. त्या माउलीला तिथे उत्तर देता आले नाही, म्हणून आजचा हा लेखनप्रपंच.

बांधवांनो, तिचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. तो आपल्या चळवळीचाच प्रश्न आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली गुरे ओढण्याचे काम सोडा, असे आपल्या माणसांना सांगितले. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना गाडीला बांधून मारले गेले, तेव्हा तिथल्या दलितांनीही हेच ठरवले: तुमची गाय तुम्हीच ओढा! ज्या कामाने पोट धड भरत नाही, पण माणूसपण मात्र हिरावले जाते, ते काम सोडणे हाच स्वाभिमान होता आणि आहे. परंपरा, वारसा, लोककला असे गोड शब्द शहरात बसून उच्चारणे सोपे आहे. चुन्यात केस सोडवलेल्या कातड्याच्या वासात ज्याचे बालपण गेले, त्याला विचारा वारसा कशाला म्हणतात ते!

गावगाड्यात बलुतेदाराला आपल्या कामाची किंमत ठरवण्याचा अधिकारच नव्हता. वर्षभर पाटलाची मोट, चाबूक, पायताण शिवून द्यायचे आणि सुगीला खळ्यावर जे पदरात पडेल ते घेऊन परतायचे. किती जोड केले, किती दिवस खपलो, हे विचारायचे नाही. कारागिरी होती, पण कारागिराला भाव नव्हता. म्हणूनच ती कारागिरी नव्हती, वेठ होती.

आता दुसरी बाजू पाहू. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा तो ठेवा ठरला. मानांकन आहे ते महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांच्या नावे. आणि जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीने आपल्या फॅशन शोमध्ये हुबेहूब तशाच चपला घालून माणसे चालवली. कोल्हापूरचे नाव नाही, कारागिराचे तर त्याहून नाही. ओरड झाली, तेव्हा कंपनीने प्रेरणा कुठली ते कबूल केले. डिसेंबर २०२५ मध्ये याच कंपनीने त्या दोन महामंडळांशी करार केला. दोन हजार जोड इथे बनवायचे, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो आणि कारागिरांसाठी प्रशिक्षणाची सोय, असे जाहीर झाले. ज्या पायताणाला गावाने कधी पसाभर जोंधळ्यापलीकडे किंमत दिली नाही, त्याला जग पाऊण लाखाहून जास्त रुपये मोजायला तयार आहे!

मग चूक कोणाची? चामड्याची? रापीची? मुळीच नाही. १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी हे गुपित फोडून ठेवले आहे. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. आणि तीही एकावर एक रचलेली. माणसाची आवड, त्याची कुवत यांना तिथे विचारत नाहीत. आईबापाची जात विचारतात. आणि ज्या कामात माणसाचे मन नाही, डोके नाही, त्यात कसब तरी कसे टिकणार? विष आहे ते कामात नाही, ते काम जन्मावर लादण्यात आहे.

म्हणूनच आज जिकडेतिकडे पारंपरिक कारागिरीच्या वर्गांचे पेव फुटले असताना आपण डोळे उघडे ठेवले पाहिजेत. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'पीएम विश्वकर्मा' योजना सुरू केली. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, न्हावी, धोबी असे अठरा व्यवसाय. पाच ते सात दिवसांचे मूळ प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि आधी एक लाख, मग दोन लाखांचे पाच टक्के व्याजाचे कर्ज. गरिबाच्या घरात हे आले तर आम्ही नको का म्हणू? जरूर घ्यावे, हक्काने घ्यावे. पण योजनेच्या भाषेत 'गुरु-शिष्य परंपरा' आणि 'कुटुंबाधारित परंपरागत कौशल्य' मजबूत करण्याची गोष्ट आहे, तिथे आमच्या मनात पाल चुकचुकते. कुटुंबाचे परंपरागत कौशल्य म्हणजे या देशात दुसरे काय असते?

तामिळनाडूने ही पाल ओळखली. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या राज्याने ही योजना आहे त्या स्वरूपात राबवण्यास नकार दिला. अर्जदाराचे घराणे त्याच धंद्यातले असण्याची अट काढा आणि किमान वय अठराऐवजी पस्तीस करा, म्हणजे शिकण्याच्या वयात पोरे बापाच्या धंद्याला जुंपली जाणार नाहीत, अशी त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही, तेव्हा त्यांनी जातीची अट नसलेली स्वतःची योजना आणली. हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेले नाही. १९५३ साली तिथे मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकावा, अशी योजना आणली होती. पेरियारांनी तिला कुलधर्माचे शिक्षण म्हणून झोडपले. आंदोलन पेटले, राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री होताच ती योजना रद्द झाली. ब्राह्मणाच्या पोराने दुपारी काय शिकायचे होते आणि चांभाराच्या पोराने काय, हे सांगायला ज्योतिषी नको!

पण हातांनी शिकणेच वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या सर्व मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सांगितली आहे. या दिवसांत मुलांनी गावातल्या सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा जाणकारांकडे जाऊन काम शिकावे. चांगली गोष्ट आहे. आमचा प्रश्न एवढाच की, त्या नमुन्याच्या यादीत चर्मकाराचे नाव का सुचले नाही? आणि सुचले असते, तरी पाटलाचे पोर, देशपांड्यांचे पोर दहा दिवस तात्यांच्या ओट्यावर बसले असते काय? त्यांच्या कुंडीत हात बुडवला असता काय? ज्या दिवशी बसेल, त्या दिवशी ती कारागिरी. तोवर ती जात!

आणि बांधवांनो, थोडे आपल्याकडेही पाहू. श्रेणीबद्ध विषमता नुसती वरच नसते. आमच्यातले किती जण ढोराच्या, मांगाच्या, बुरुडाच्या घरी शिकायला बसले? कातडे कमावणारा वेगळा, चप्पल शिवणारा वेगळा, दोर वळणारा वेगळा आणि प्रत्येकाच्या मनात खालचा कोणीतरी आहेच. त्या वर्गातली सगळी मुले एकाच वस्तीची होती. पलीकडच्या बौद्धवाड्यातले एकही पोर नव्हते. हे लिहिताना आमचीच मान खाली जाते.

म्हणून आमचे म्हणणे आम्ही स्पष्ट मांडतो. वर्ग जरूर भरवा, पण या अटींवर.

पहिली अट, वर्गाचे दार सर्व जातींना आणि मुलींनाही उघडे हवे. एकाच वस्तीची पोरे भरून चालवलेला वर्ग म्हणजे बलुतेदारीचे नवे रजिस्टर.

दुसरी अट, शाळा आधी. २०१६ मध्ये बालमजुरी कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा चौदा वर्षांखालच्या मुलांना शाळेनंतर आणि सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करण्याची मुभा ठेवली गेली. गरिबाच्या घरी ही 'मदत' हळूहळू शाळेला कशी गिळते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ज्याला वकील व्हायचे त्याने वकील व्हावे. चांभाराच्या पोराने रापी नाकारली, तर त्याला कोणी वारसा बुडवला म्हणू नये.

तिसरी अट, तात्यांना गुरुजींचे मानधन. चामड्याला रापी लावण्यापूर्वी नुसते बोटाने दाबून ते बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात पुरते मुरले की नाही, हे सांगणारा माणूस तज्ज्ञ आहे. त्याला शाल-नारळ देऊन, फोटो काढून परत पाठवणे म्हणजे नव्या जमान्याचे बलुते.

चौथी अट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. हिशेब शिकवा. रापीबरोबर वही हवी. कच्च्या मालाचा भाव, लागलेले तास, दलालाचा वाटा, मानांकनाचा हक्क, कर्जाचे व्याज हे ज्याला कळत नाही, त्याचे कसब दुसऱ्याच्या तिजोरीत जाते. मिलानपर्यंत गेलेल्या चपलेची गोष्ट दुसरे काय सांगते?

याच कोल्हापूरच्या मातीत राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढायला लावले आणि मग स्वतः तिथे थांबून, सर्वांदेखत चहा घेतला. बरोबरच्यांनाही पाजला. नुसते 'धंदा कर' म्हणून महाराज थांबले नाहीत, गिऱ्हाईक म्हणून आधी स्वतः उभे राहिले. आपणही तेवढे करू या. पायताण घ्यायचे तर कारागिराच्या हातून घेऊ, आणि घासाघीस न करता घेऊ.

आता त्या वर्गातली शेवटची गोष्ट. उठता उठता नववीतल्या एका मुलीने विचारले, "तात्या, एक जोड करायला किती तास लागत्यात?" तात्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, पन्नास वर्षं झाली, कधी मोजलंच न्हाई." मुलीने वहीचे पान उलटले, वर तारीख घातली आणि म्हणाली, "मग आजपासनं मोजूया."

दाराशी उभी असलेली ती माउली हे ऐकत होती. माउली, तुझ्या प्रश्नाला आमचे उत्तर हेच. पोराच्या हातात परत रापी द्यायची की नाही, हे गाव ठरवणार नाही, सरकार ठरवणार नाही, तुझी जात तर नाहीच नाही. ते तुझे पोर ठरवील. आणि त्याने ती घेतलीच, तर दुसऱ्या हातात हिशेबाची वही असल्याशिवाय घेऊ नये. मोजणाऱ्या हाताला कोणी बलुतेदार करू शकत नाही.

जय भीम!