अझैब्याच्या समुद्राखाली मिठाची बोटे



आपल्यापैकी बरेच जण बौशरमध्ये राहतात. शुक्रवारी संध्याकाळी घुब्रा नाहीतर अझैब्याच्या किनाऱ्यावर चक्कर होतेच. समोरचा समुद्र वरून सपाट दिसतो, पण आत त्याचे मजले आहेत. या मजल्यांमधली देवाणघेवाण कशी चालते यावर आपल्या ताटातली सुरमई अवलंबून आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

हॉर्मुझच्या पलीकडचे आखात म्हणजे एक उथळ परात. सरासरी खोली जेमतेम 35 मीटर, पाऊस नाममात्र, आणि ऊन कसे असते ते आपल्याला ठाऊक आहेच! पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. साधारण समुद्राच्या किलोभर पाण्यात 35 ग्रॅमच्या आसपास मीठ असते; हॉर्मुझमधून तळाने बाहेर पडणाऱ्या पाण्यात 39 ते 40 ग्रॅम. हे जड पाणी ओमानच्या आखातात येऊन खाली उतरते, पण थेट तळ गाठत नाही. ते उबदारही असते आणि ऊब पाण्याला हलके करते. त्यामुळे साधारण 200 ते 300 मीटरवर, आजूबाजूचे पाणी तितकेच जड असते तिथे, ते आडवे पसरते.

खरी गंमत या थराच्या खालच्या बाजूला आहे. वर उबदार खारट पाणी, खाली थंड आणि कमी खारट. पाण्यात उष्णता मिठापेक्षा सुमारे 100 पट वेगाने पसरते. खारट पाण्याचा एखादा थेंब जरा खाली घसरला की तो आपली ऊब शेजाऱ्याला पटकन देऊन टाकतो, मीठ मात्र सोडत नाही. म्हणजे तो आणखी जड होतो आणि आणखी खाली जातो. शेजारचे पाणी ऊब मिळाल्याने वर चढते. अशी काही सेंटिमीटर रुंदीची उभी 'मिठाची बोटे' तयार होतात. वारा नाही, लाट नाही, तरी मीठ खाली झिरपत राहते. मेल्विन स्टर्न यांनी 1960 मध्ये हे गणिताने मांडले.

घरी करून बघा. काचेच्या उंच ग्लासात फ्रीजमधले पाणी घ्या. वाटीभर गरम पाण्यात चिमूटभर मीठ आणि खायचा रंग घालून ते चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू वर सोडा. थोड्या वेळात रंगीत धागे खाली उतरताना दिसतील. (मीठ जास्त झाले तर सगळेच धपकन बुडते!)

हिवाळ्यात वरचे पाणी गार होऊन बुडते आणि थर ढवळले जातात. उन्हाळ्यात तापलेला वरचा थर झाकणासारखा बसतो. खाली प्राणवायू पोचणे अवघड होते. 2018 मध्ये ईस्ट अँग्लिया आणि सुलतान काबूस विद्यापीठांच्या संशोधकांनी पाण्याखालच्या यंत्रमानवांच्या मोजमापांवरून दाखवले की ओमानच्या आखातातला जवळपास प्राणवायूविरहित पट्टा स्कॉटलंडपेक्षाही मोठा आहे. मासे अशा पाण्यात राहत नाहीत, वरच्या पातळ थरात दाटी करतात.

यात हॉर्मुझच्या पाण्याचा हातभार महत्त्वाचा, कारण ते थोडाफार प्राणवायू खोलवर नेते. 2019 मध्ये संगणकीय प्रारूपांवरून असे दिसले की ते आखात तापत गेले तर तिथले पाणी हलके होईल, पुरेसे खोल उतरणार नाही, आणि हा पट्टा वाढेल. मत्रहच्या मासळीबाजारात सुरमईचा भाव विचारताना मला तरी हल्ली हे आठवते.