पावलांचा हिशेब – भाग ७ : चा-चा-चाची सम

सांबा आज येणार होता, तो पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. कारण देसाईगंज-वडसाहून आलेलं एक पत्र. लिहिणारे झाडीपट्टीच्या नाटकांत ऑक्टोपॅड वाजवतात. दिवाळी उलटली की त्यांच्या रात्री गावोगावच्या मंडपांत जातात. ते विचारतात, ‘‘तुम्ही चा-चा-चाचं पहिलं पाऊल ‘दोन’वर टाकायला सांगता. मी तर जोर ‘एक’वर देतो. मग नाचणारा माझा ‘एक’ गिळतो कुठे?’’

असं नेमकं वादकच विचारू जाणे. याचं उत्तर केरव्यात आहे.

चा-चा-चाच्या एका बारमध्ये चार बीट असतात. प्रत्येक बीटचे दोन तुकडे केले की झाल्या आठ मात्रा : धा गे ना ति, न क धि न. आता पुरुषाची मूळ पावलं यावर बसवून बघू. ‘दोन’ला डावा पाय पुढे, तो पडतो ‘ना’वर. ‘तीन’ला वजन परत मागच्या उजव्या पायावर, ते ‘न’वर. मग डाव्या बाजूला सरकत डावा-उजवा-डावा अशी तीन झटपट पावलं : धि-न-धा. ‘चार-आणि-एक’ म्हणतात ते हेच. म्हणजे ‘चा-चा-चा’मधला शेवटचा ‘चा’ बरोब्बर ‘धा’वर पडतो.

तेव्हा वडसाकरांचा ‘एक’ कुणी गिळलेला नाही. नाचणारा त्याच्याकडेच निघालेला असतो. आपल्याकडे गवई मुखडा अधल्यामधल्या मात्रेपासून उचलतो आणि समेवर येतो, तेव्हा त्याने सम चुकवली असं कुणी म्हणत नाही; उलट तिथेच मान डोलते. चा-चा-चाची पावलं मुखड्यासारखीच उचलायची. क्लासमध्ये ‘एक’वर बाजूला जे साधं पाऊल टाकायला लावतात, ते केवळ तयारीचं, खरा नाच त्यापुढे.

इथे एक घोळ आधीच मिटवतो. चंद्रपुरात लग्नाच्या संगीतासाठी नाच बसवून देणारे ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट’ म्हणून सुरुवात करून देतात. तो आठाचा हिशेब दोन बारचा आहे. आपल्या वरच्या आठ मात्रा एकाच बारच्या आहेत. दोन्ही आठ एकत्र केलेत, तर पाऊल निम्म्या लयीत पडेल.

हा ठेका बांधला हवानाच्या एन्रिके होरिनने. तो ऑर्केस्टा अमेरिकामधला व्हायोलिनवादक. मांबोच्या आडव्यातिडव्या लयीत नाचणाऱ्यांची पावलं अडखळतात हे त्याने पाहिलं आणि ‘एक’ ठसठशीत ऐकू येईल अशी सोपी चाल रचली. फरशीवर घासणाऱ्या बुटांचा आवाज ‘चा-चा-चा’ असा येऊ लागला, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. त्याचं ‘ला एन्गान्यादोरा’ १९५३ मध्ये ध्वनिमुद्रित झालं आणि तिथून ही लाट उठली.

दुसऱ्या एका वाचकाचं म्हणणं, ‘अलबेला’मधलं ‘शोला जो भडके’ हे चा-चा-चाच आहे. कसं असेल? ‘अलबेला’ १९५१ चा. होरिनच्या रेकॉर्डच्या आधी दोन वर्षं. सी. रामचंद्रांनी त्यात बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन वाजवून घेतले ते त्याआधीच्या क्यूबन लाटेच्या प्रभावात. आपल्या अमरावतीत जन्मलेल्या भगवानदादांचा त्यातला नाच मात्र कुठल्याच पुस्तकातला नाही. ते जागचे फारसे हलत नाहीत, पण ठेका सोडत नाहीत. लय ऐकायला शिकायची असेल तर त्यांचे पाय बघा.

आता रुंबा. इथे भांडणच झालं होतं. इंग्लंडमधले बरेच नृत्यशिक्षक ‘एक’पासून चौकोनी रुंबा शिकवत. लंडनचे पियेर आणि डोरिस लाव्हेल यांनी क्यूबन पद्धत धरली : पावलं दोन, तीन, चारवर, ‘एक’वर पाऊलच नाही. वर्षानुवर्षं वाद चालला आणि शेवटी क्यूबन पद्धत टिकली. पण ‘एक’वर पाऊल नाही याचा अर्थ तेव्हा काही घडत नाही असा नव्हे. ‘चार’ला टाकलेल्या पायावर वजन पुरतं उतरतं आणि कंबर तिथे बसते. माझं मत विचाराल तर दोघांतला खरा फरक एवढाच : चा-चा-चात सम पायाने घेतात, रुंब्यात कमरेने. लयही निराळी आहे. स्पर्धेत चा-चा-चा मिनिटाला ३० ते ३२ बार, रुंबा २५ ते २७. ३० बार म्हणजे १२० बीट; अर्ध्या सेकंदाला एक. ‘धि’ आणि ‘न’च्या वाट्याला पाव-पाव सेकंद येतो, म्हणून तिथली पावलं लहान ठेवा. लांब टांग टाकली की ‘धा’ चुकलाच.

आकडे पाठ करून हे जमत नाही, कानाने जमतं. भामरागडकडे हातात हात गुंफून रेला नाचणाऱ्या माडिया मुली काही मोजत नाहीत; गाणंच त्यांना पाऊल सांगतं. चिमूर भागात तर तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांवर टाळ्या देत पिढ्या वाढल्या आहेत, आठ मात्रा तिथे लहान पोरालाही ठाऊक असतात.

तर या आठवड्याचा अभ्यास : पाय हलवायचे नाहीत. कुणाला तरी केरवा धरायला सांगा, नाहीतर मोबाइलवर लावा. तोंडाने पूर्ण ठेका म्हणा आणि टाळ्या फक्त ना, न, धि-न-धा यांवर द्या. टाळी न अडखळता समेवर येऊ लागली की मग उभे राहा. सांब्याचा ‘एक-अ-दोन’ याहून अवघड आहे, तेव्हा हे पक्कं करूनच या.