मुकी हिरडी : धूम्रपान, मनस्ताप आणि मुखारोग्य



संतापाला आपण ‘दातओठ खाणे’ म्हणतो. मनाचा क्षोभ मुखात उमटतो, हे आपल्या भाषेने केव्हाच जाणले आहे. हिरडीकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही. साहित्याच्या अध्यापकाने हा विषय निवडावा, यामागे स्वानुभव आहे.

पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) खंदकांतील अनेक सैनिकांना हिरड्यांच्या एका व्याधीने ग्रासले. असह्य वेदना, रक्तस्राव, दुर्गंधी आणि दोन दातांमधील हिरडीच्या टोकांवर व्रण, ही तिची लक्षणे. तिला ‘ट्रेंच माउथ’ हे नाव पडले. त्या काळी ती सांसर्गिक मानली जाई. पुढे उमगले, की तिचे जंतू निरोगी मुखातही अल्प प्रमाणात असतात. भय, जागरण, निकस आहार, अस्वच्छता आणि तंबाखू यांनी शरीराची प्रतिकारशक्ती खचली, की ते उचल खातात. डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग यांनी १९४७ साली हिरड्यांच्या या विकाराचा धूम्रपानाशी असलेला संबंध दाखवून दिला. महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांच्या मुखतपासणीचे जे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्या कार्यातही त्यांचा सहभाग होता.

आपल्या नित्य जीवनातील हिरडीविकार इतका उग्र नसतो. तो संथपणे पोखरतो. दातांवर साचणाऱ्या जंतूंच्या थराशी रक्तातील पांढऱ्या पेशी झुंजत असतात. धूम्रपानाने त्यांचे बळ घटते आणि जखम भरण्यास विलंब लागतो. दीर्घकाळच्या मनस्तापाने कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढून प्रतिकारक्षमतेचा तोल बिघडतो. शिवाय त्रस्त माणूस दात घासण्याची हेळसांड करतो आणि सिगारेटी अधिक ओढतो. अशा रीतीने दोन्ही वैरी एकमेकांस साहाय्य करतात.

यातील खरा दगा निराळाच आहे. हिरडीतून रक्त येणे ही रोगाची पहिली हाक. धूम्रपानाने नेमकी तीच दबते. प्रबंधलेखनाच्या वर्षांत मी रात्र रात्र सिगारेटी ओढीत असे. रक्त कधी दिसले नाही, म्हणून निर्धास्त राहिलो. दात हलू लागले, तेव्हा आतील हाड झिजून गेले होते. चार दात गमावल्यावर व्यसन सुटले. त्यानंतर काही आठवड्यांनी हिरड्यांतून रक्त आले आणि मी घाबरलो. दंतवैद्य म्हणाले, “सर, हिरडी पुन्हा बोलू लागली आहे.”

गेलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही. पण व्यसन सोडल्यास पुढील झीज मंदावते आणि उपचारांना यश येते. म्हणून माझ्या माजी विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे : हिरडी मुकी आहे म्हणून ती सुखी आहे, असे मानू नका.