मुंजा साक्षीदार चालेल, खुनी नको!

निरगुडसरच्या शिवारात ऊसतोड चालू आहे. निम्मा फड तुटल्यावर टोळीतला एक जण कोयता टाकून मागे पळतो. पाचटात माणूस मरून पडलाय. दुपारपर्यंत गावभर एकच नाव फिरतं, बिबट्या. संध्याकाळी पारावर दुसरं नाव निघतं, पिंपळावरचा मुंजा. आणि रात्री दबक्या आवाजात तिसरं, वस्तीवर एकट्या राहणाऱ्या एका म्हातारीचं.

घाबरू नका, ही बातमी नाही. ही एका कादंबरीची सुरुवात आहे, आणि ती तुमच्यापैकीच कुणीतरी लिहायची आहे.

खुनाचा तपास आणि भुताखेतांची दुनिया एकत्र आणणाऱ्या कादंबऱ्या इंग्रजीत सध्या जोरात आहेत. बेन अ‍ॅरोनोविचच्या 2011च्या ‘रिव्हर्स ऑफ लंडन’मध्ये कॉन्स्टेबल पीटर ग्रँटला खुनाचा साक्षीदार भेटतो, तो चक्क भूत असतो. रॉबर्ट जॅक्सन बेनेटच्या ‘द टेंटेड कप’ला 2025चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्यात एका अधिकाऱ्याच्या अंगातून झाड उगवतं आणि तो मरतो. मरण अचाट, पण तपास होतो तो जबाब घेऊन, पुरावे जुळवूनच.

मराठीत ही दोन कपाटं बरीचशी वेगळी राहिली. एका कपाटात बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड, दुसऱ्यात नारायण धारपांचे अमानवी शक्तींशी लढणारे समर्थ. आणि गावाकडचा हिरो चालतो का, हा प्रश्नच नको. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचाच होता की! मग निरगुडसरहून एसटीने मंचरला कॉलेजला जाणारी एखादी मुलगी डिटेक्टिव्ह का नसावी?

अडचण वेगळीच आहे. रोनाल्ड नॉक्स या लेखकाने 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला दुसरा नियम असा, की उलगड्यात दैवी किंवा अमानवी शक्ती आणायची नाही. कारण सोपं आहे. तीनशे पानं डोकं खपवल्यावर ‘भुतानं मारलं’ असं कळलं, तर पुस्तक भिरकावून द्यावंसं वाटणारच. शेरलॉक होम्सच्या ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’मध्येही शापाचा अक्राळविक्राळ कुत्रा शेवटी चमकणारं रसायन फासलेला खराखुरा कुत्रा निघतो. (सव्वाशे वर्षं होत आली, आता हा स्पॉयलर नाही.)

मग भूत आणायचंच नाही? आणा की. फक्त त्याचे नियम आधी सांगा. आपल्या आजी-आजोबांनी ते ठरवूनच ठेवलेत. मुंजा पिंपळावर राहतो. तुमच्या कादंबरीत एवढंच पक्कं करा, की तो पिंपळ सोडून जाऊ शकत नाही. म्हणजे झाडावरून दिसेल तेवढंच त्याला माहीत. त्या रात्री बॅटरीचा उजेड कॅनॉलकडे गेला, हे तो सांगेल. बॅटरी कुणाच्या हातात होती, हे नाही सांगू शकणार. झाला की नाही फेअर साक्षीदार? बाकीचं तुमच्या डिटेक्टिव्हने शोधायचं, आणि वाचकानेही.

शोधायला मटेरियल तुमच्या आजूबाजूलाच आहे. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात बिबटे उसातच राहतात, तिथंच पिल्लं घालतात. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारण केंद्र आहे. एखादा वनरक्षक गाठा, ठसे कसे ओळखतात ते विचारा. बिबट्या बहुतेकदा मान पकडतो आणि दातांच्या खुणा राहतात. मानेवर दातच नसतील, तर? शेतीची लाईट रात्रपाळीला असली की मोटर चालू करायला कोण कधी बाहेर पडणार, हे भावकीला पाठ असतं. वर बिबट्याने माणूस मारला, तर वारसांना सरकारी भरपाई मिळते. म्हणजे संधीही आली आणि हेतूही.

आता त्या म्हातारीकडे या. तुमची कादंबरी खरी तिच्यासाठी आहे. मुंजाने मारलं म्हटलं की चौकशी थांबते आणि खुनी मोकळा सुटतो. तिनं करणी केली म्हटलं, तर आणखी वाईट. खुनी सुटतोच, शिवाय एका निरपराध बाईचं जगणं मुश्कील होतं. हे फक्त गोष्टीत घडत नाही. अशा छळाविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले. 20 ऑगस्ट 2013ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते असं भासवून तिचं जगणं अवघड करणं आज महाराष्ट्रात गुन्हा आहे.

म्हणून तुमच्या गोष्टीत भूत खुशाल असू द्या, पण त्याच्या नावावर माणसाचा गुन्हा खपवू नका. उलट, सगळं गाव म्हातारीवर बोट रोखत असताना मुंजालाच तिच्या बाजूने साक्ष द्यायला लावा. बघा कशी मजा येते!

आणि गोष्ट जमली, तर दुसऱ्या भागाची जागाही तयार आहे. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव हे नाव मिळालं, ते जुनं गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलंय. पिंपळच बुडाला, तर त्यावरच्या मुंजाने जायचं कुठे? याचा नियम अजून कुणी केलेला नाही. तो तुम्ही करा.