दाराआडचे दहा दिवस

आमच्या महाविद्यालयातून दरवर्षी दोन-चार विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी परदेशी जातात. निरोप घ्यायला विभागात येतात, तेव्हा थंडीचे कपडे, राहण्याची सोय, पैसे कसे न्यावेत, असे नेहमीचे प्रश्न विचारतात. परवा मात्र एका विद्यार्थिनीने निराळाच प्रश्न केला. "मॅडम, पुन्हा तशी साथ आली आणि तिकडे उतरल्यावर हॉटेलात कोंडून ठेवले, तर काय करायचे?" तिला मी चार गोष्टी सांगितल्या, पण घरी गेल्यावर वाटले की, या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर लिहून ठेवले पाहिजे. प्रवाशांना हॉटेलात ठेवण्याचे करोनाकाळातले नियम आता उठले आहेत हे खरे. परंतु साथी जातात तशा येतातही, आणि त्या वेळी माहिती गोळा करायला सवड नसते.

प्रथम त्या शब्दाविषयी. ज्याला आपण विलगीकरण म्हणतो त्या 'क्वारंटाइन'चा इतिहास जुना आहे. इ. स. १३७७ मध्ये एड्रियाटिक समुद्राकाठच्या रागुझा, म्हणजे आजच्या डुब्रॉव्हनिक, या नगरराज्याने प्लेगच्या प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर थांबविण्याचा नियम केला. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली आणि 'चाळीस' या अर्थाच्या इटालियन शब्दावरून हे नाव पडले. यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आजारी माणसाला वेगळे ठेवणे निराळे आणि धडधाकट दिसणाऱ्या माणसाला थांबवून ठेवणे निराळे. रोगजंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही काळ जातो. करोनाच्या सुरुवातीच्या प्रकारांत तो सरासरी पाच-सहा दिवसांचा आणि क्वचित चौदा दिवसांपर्यंतचा होता. तेवढा काळ माणसाला बाजूला बसवायचे, एवढेच या उपायाचे सूत्र. म्हणूनच तो उपाय निरपराध माणसाला शिक्षेसारखा वाटतो.

२०२० च्या मार्चअखेरीस ऑस्ट्रेलियाने परदेशातून येणाऱ्या प्रत्येकास चौदा दिवस हॉटेलात ठेवण्यास सुरुवात केली. एप्रिलमध्ये न्यूझीलंडने तोच मार्ग धरला. हाँगकाँगमध्ये तर एके काळी ही मुदत एकवीस दिवसांची होती. इंग्लंडने मात्र उशिरा, १५ फेब्रुवारी २०२१ पासून, 'लाल यादी'तील देशांतून येणाऱ्यांसाठी दहा दिवसांचा नियम केला. माझा अनुभव या इंग्लंडातल्या नियमाचा आहे.

मी त्या वर्षी तेथे एम. ए. करीत होते. वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी मार्चअखेर घरी आले आणि इकडे दुसरी लाट उसळली. १९ एप्रिल रोजी भारताचे नाव लाल यादीत घातल्याचे जाहीर झाले आणि २३ एप्रिलच्या पहाटेपासून ते अमलात आले. मध्ये जेमतेम चार दिवस. त्या दिवसांत वडिलांना सोडून निघणे शक्य नव्हते. पुढे जुलै उजाडला. तिकडच्या ग्रंथालयातली कागदपत्रे पाहिल्यावाचून प्रबंध पुरा होणार नव्हता, आणि मुदत जवळ येत होती. तेव्हा हॉटेलाचा मार्गच उरला.

आता तयारीविषयी. पहिली तयारी पैशाची. एका प्रौढ व्यक्तीला या मुक्कामाचे १,७५० पौंड भरावे लागत. म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे एक लाख ऐंशी हजार रुपये. हॉटेल, विमानतळावरून तेथवर नेणे आणि दोन तपासण्या, सारे त्यात आले. सोबत दुसरी प्रौढ व्यक्ती असल्यास तिचे ६५० पौंड. तपासणीत दोष निघाला तर मुक्काम वाढे आणि वाढीव दिवसांचे पैसेही भरावे लागत. म्हणून नेमकी रक्कम घेऊन कोणी निघू नये, चार पैसे हाताशी जास्त असावेत. माझ्या शिष्यवृत्तीत हे बसणारे नव्हते. वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढले. पुढे १२ ऑगस्टपासून हा आकार २,२८५ पौंड झाला. पण त्याआधीच, ८ ऑगस्टला, भारत लाल यादीतून निघाला होता. महिनाभर थांबले असते तर हे कर्ज टळले असते. पण पुढचे कोणाला दिसत होते?

दुसरी तयारी कागदपत्रांची. निघण्यापूर्वी तीन दिवसांच्या आत केलेली तपासणी, हॉटेलची आगाऊ नोंदणी आणि आपण गेल्या दहा दिवसांत कोठे होतो हे सांगणारा प्रवाशाचा अर्ज, ही तिन्ही लागत. अर्जात खोटे लिहिल्यास दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल, असा कायदा होता. काहीजण लाल यादीबाहेरच्या एखाद्या तिसऱ्या देशात दहा दिवस काढून मग इंग्लंडात जात. तो मार्ग नियमात बसत होता. परंतु तो देशही मध्येच यादीत गेला तर दोन्हीकडून पंचाईत. सर्व कागदांच्या छापील प्रती जवळ ठेवाव्यात, असे माझे सांगणे आहे. रांगेत तासन्‌तास उभे राहिल्यावर मोबाइलची बॅटरी कधी दगा देईल याचा नेम नाही.

तिसरी तयारी पिशवीची. खोलीत शिरल्यावर बाहेर जाऊन काही आणता येत नाही, हे मनाशी पक्के धरूनच सामान भरावे. नेहमीची औषधे मुदतीपेक्षा आठवडाभर जास्त आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घ्यावीत. तिकडच्या विजेचा दाब आपल्यासारखाच असला, तरी तीन चौकोनी पायांच्या पिना असल्यामुळे तसा जोड लागतो. कपडे न्हाणीघरात धुवावे लागतात, म्हणून साबणाची वडी, दोरी आणि लवकर वाळतील असे कपडे असावेत. एक ताट, वाटी, चमचा आणि पेला घरचा न्यावा. दहा दिवस पुठ्ठ्याच्या डब्यात जेवल्यावर स्टीलच्या वाटीची किंमत कळते.

खाण्याविषयी थोडे विस्ताराने सांगते. जेवण दाराबाहेर पिशवीत ठेवले जाई. शाकाहारी म्हणून नोंद केली होती, तरी पहिले दोन दिवस पाव आणि बटाटे यांवर काढले. खोलीत शेगडी नेण्यास मनाई. पाणी उकळायची किटली मात्र असते. तेवढ्या किटलीवर बरेच भागते. पातळ पोहे नुसत्या पाण्याच्या हबक्यावर भिजतात. त्यात शेंगदाण्याची चटणी घातली की नाश्ता झाला. मेतकूट, भाजलेल्या रव्याचे तयार उपम्याचे पीठ, कोकम, लिंबाचे लोणचे, सुंठ यांनी मला तारले. परंतु दूध व मांस यांचे पदार्थ भारतातून इंग्लंडात नेता येत नाहीत. आईने प्रेमाने बांधून दिलेला पेढ्यांचा पुडा मला मुंबईच्या विमानतळावर सोडायला आलेल्या मामांच्या हाती परत द्यावा लागला.

आता तेथे काय घडते ते सांगते. लाल यादीतल्या प्रवाशांना हीथ्रोवर वेगळे काढून बसने हॉटेलात नेत. उतरण्याचा दिवस शून्यावा धरीत. मी ११ जुलैला उतरले, म्हणून दहावा दिवस २१ तारखेला पुरा झाला आणि २२ ला सकाळी बाहेर पडले. दिवस दहा, पण रात्री अकरा. दुसऱ्या दिवसापर्यंत एक आणि आठव्या दिवशी किंवा त्यानंतर दुसरी तपासणी. आपल्या नळीत आपणच काडी नाकातोंडात फिरवून घालायची. खिडकी उघडत नव्हती. मोकळ्या हवेसाठी रखवालदाराची परवानगी काढून हॉटेलच्या आवारात थोडा वेळ फिरता येई, पण रोज पाळी येईलच असे नसे.

येथे एक शास्त्रीय गोष्ट सांगितली पाहिजे. हा रोग मुख्यतः हवेतून पसरतो. शेजारच्या खोलीतली हवा दार उघडताच बोळात येते. समोरासमोरची दारे एकाच वेळी उघडल्याने संसर्ग पोचल्याचे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधल्या तपासांतून दिसून आले. म्हणून जेवणाची पिशवी ठेवल्याची टकटक झाली की लगेच दार उघडू नये. मुखपट्टी लावावी, थोडे थांबावे, बोळात चाहूल नसताना पिशवी उचलावी आणि दार लगेच लावावे. हॉटेल हे माणसे येऊन-जाऊन राहण्यासाठी बांधलेले असते, रोग अडवून धरण्यासाठी नव्हे. २०२० साली मेलबर्नमध्ये विलगीकरणाच्या हॉटेलांतूनच रोग बाहेर पडला, आणि त्यातून उसळलेल्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली.

वेळ घालविण्याचे उपाय बहुतेकांना सुचतात. मी दिवसाचे तुकडे पाडले होते. सकाळी बारा सूर्यनमस्कार, मग प्रबंधाचे काम, दुपारी दारापासून खिडकीपर्यंत शंभर येरझारा, संध्याकाळी वाचन. घड्याळ मात्र तिकडच्याच वेळेवर लावावे. उन्हाळ्यात ती आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. मन घरच्या वेळेत राहिले की रात्री झोप येत नाही आणि दिवस संपत नाही.

एवढी सगळी यादी मी निघण्यापूर्वी वहीत केली होती. तीत एक गोष्ट राहिली. सहाव्या दिवशी, १७ जुलैला, पहाटे फोन आला. आजी गेली. ती आजारी नव्हती. रात्री झोपली ती उठलीच नाही. देश सोडून परत जाण्यास नियमाने आडकाठी नव्हती. पण विमान मिळून मी घरी पोचेपर्यंत सारे उरकलेले असणार होते, आणि परत येताना पुन्हा तेच दहा दिवस, तेच पैसे. मी विचारले, "बाबा, मी येऊ का?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू काय करावंस हे आपण आधी ठरवायला हवं होतं. आता माझ्याच्यानं सांगवत नाही." मी गेले नाही. मोबाइलच्या पडद्यावर अंगणातली माणसे पाहिली. बाहेर पिशवी ठेवल्याची टकटक झाली, ती मी दुपारपर्यंत उचलली नाही. तीन दिवसांनी आषाढी एकादशी होती. आजीने तरुणपणी तीनदा वारी केली होती. त्या वर्षी मानाच्या पालख्याही बसने पंढरपूरला गेल्या. आजीला ते कळले तेव्हा ती म्हणाली होती, "देवालाबी दारातच बसवलं म्हणायचं."

म्हणून माझ्या यादीत आता पहिली ओळ ही आहे: निघण्यापूर्वी घरच्यांसमवेत बसून, अघटित घडले तर आपण यायचे की नाही, हे ठरवावे. अशुभ बोलू नये असे आपल्याकडे मानतात. परंतु ते आधी बोलले नाही, तर त्याचा भार दुःखाच्या घटकेला एकट्याच माणसावर पडतो. माझ्या वडिलांवर तो पडला.

शेवटी, हे सारे न्याय्य होते का? या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देणे मला जमत नाही. आपल्या प्रदेशाला सक्तीच्या विलगीकरणाची आठवण आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी गोऱ्या शिपायांनी घरे तपासून माणसे छावण्यांत नेली, त्याची परिणती २२ जून रोजी रँडच्या वधात झाली. त्याच वर्षीचा साथरोगांचा कायदा २०२० मध्येही आपल्याकडे वापरला गेला. मला कोणी हात लावला नाही, अपमान केला नाही, हा फरक मोठा आहे. परंतु ज्याच्यापाशी पावणेदोन लाख नव्हते त्याच्यासाठी दार बंदच राहिले. न्यूझीलंडमध्ये खोल्या कमी म्हणून सोडत काढीत. त्या पद्धतीने नागरिकांच्या स्वदेशी परतण्याच्या हक्काचा भंग झाला, असा निर्णय तेथील उच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. लस घेतलेल्यालाही लाल यादीतून सूट नव्हती. पुढे ती यादी मागे पडली, तरी पुण्यात तयार झालेली कोविशील्ड घेणाऱ्यांची प्रमाणपत्रे इंग्लंडने ११ ऑक्टोबर २०२१ पर्यंत मान्य केली नाहीत.

तरीही मी त्या खोलीत बसले ते योग्यच झाले, असे मला वाटते. माझ्या घरातून निघालेला रोग दुसऱ्या कोणाच्या आजीपर्यंत पोचू नये, एवढेच त्या बंद दाराचे कारण होते. मात्र ज्याला आपण सर्वांच्या भल्यासाठी थांबवतो, त्याच्या थांबण्याचा खर्च आणि दुःख एकट्या त्याच्याच माथी मारणे योग्य नव्हे. त्या विद्यार्थिनीला मी यादी दिली. "पहिली ओळ घरी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखव," असे तेवढे सांगितले.